परांची

३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा फोन लागत नाही. नंबर बदललास किंवा माझा बंद करून ठेवलास, अर्थ एकच. पत्ता तुझ्या वहिनीच्या वहीत निघाला, म्हणून टपालाने लिहितोय.

व्हिडिओ पाहिला. 'ठोकळ्यांच्या खेळात राम आहे का?' अठरा मिनिटांचा. एकदा मी एकट्याने पाहिला. दुसऱ्यांदा तुझ्या वहिनीने पाहिला आणि मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

बोलतोस चांगलं, हे मान्य. लाखभर लोक उगाच ऐकत नाहीत. पहिले चाळीस तास मजा येते, म्हणालास. मग घर बांधून होतं, खाण खणून होते, आणि कळतं की पुढे काही नाही. गोष्ट नाही, शेवट नाही, ध्येय नाही. नुसता मोकळा माळ आणि अगणित ठोकळे. तुझं मत आहे, ठेव. मत ठेवायला कुणाची ना नाही.

पण तेराव्या मिनिटाला तू म्हणालास, "मी एका माणसाला ओळखतो. चार वर्षं तो खोलीत बसून खोट्या विटा रचतोय. पूर्वी खऱ्या रचायचा." आणि पडद्यावर माझं शहर दाखवलंस. माझा पूल. माझी पाण्याची टाकी. टाकीवर संथ गाणं लावलंस. मग म्हणालास, "ध्येय नसलेला खेळ माणसाचं काय करतो, बघा मंडळी." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

मी कंबरेखाली मेलोय, हे सांगितलं नाहीस. बाहेर गवंड्याचं काम मिळत असूनही हा खोलीत बसलाय, असं ऐकणाऱ्याला वाटेल. खोलीत का बसलोय, ते तर तू सांगूच शकत नाहीस.

मला माफी नको. तेवढा भाग काढून टाक, बस. तुझं शिक्षण, तुझी खोली, तुझं नाव, कशालाच मी कधी हात लावला नाही. तूही माझ्या शहराला लावू नकोस.

वहिनी बरी आहे. धुलाईखान्यात आता तिला इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर घेतलंय.

दादा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र टपालात पडणार नाही. टेबलाच्या खणात राहील. का, ते तुला माहीत आहे.

काल तू माझं पत्र वाचलंस. लाखभर लोकांसमोर. कॅमेऱ्यापुढे कागद धरून म्हणालास, "शाई, मंडळी! शाईने लिहिलंय! अजून अशी माणसं आहेत!" मग माझा आवाज काढून वाचलंस. 'माझा पूल. माझी पाण्याची टाकी.' तू मला लहानपणापासून ओळखतोस, त्यामुळे आवाज हुबेहूब जमला. कुठली वाक्यं गाळायची तेही जमलं. कंबरेखालचं गाळलंस. 'ते तर तू सांगूच शकत नाहीस' हे तर अलगद गाळलंस. बोट ठेवून ओलांडलंस, पडद्यावर दिसलं.

वहिनी म्हणाली, "जाऊ द्या. लहान आहे."

"चोवीस वर्षांचा आहे."

"आपलेच दात, आपलेच ओठ."

दात आपले असले तरी चावले की रक्त येतं, हे मी तिला बोललो नाही. तिला अर्धंच माहीत आहे. तू चेष्टा केलीस, एवढंच. बाकी अर्धं तुला आणि मला.

तर आता मी खोटं बोलायचं कशाला? तुझ्या त्या चाळीस तासांबद्दल. तू म्हणतोस ते खोटं नाही. माझेही हात थांबले होते.

तूच तो खेळ हॉस्पिटलात आणलास. माझ्या पोटावर लॅपटॉप ठेवलास आणि म्हणालास, "दादा, वेळ जाईल." माझ्याकडे बघत नव्हतास. पहिली भिंत आपण दोघांनी रचली. तू धाडधाड ठोकळे टाकत होतास आणि मी ओरडत होतो, "अरे, ओळ बघ, ओळ!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला होता. त्यानंतर दहा महिने तू रोज येत होतास. ते दहा महिने मी तुझ्या नावावर जमा धरले होते.

मग तू शिकायला गेलास, फोन कमी झाले, आणि एक दिवस मी पाहिलं की सगळं बांधून झालंय. घरं, बाजार, शाळा. शहरात कुणी नव्हतं. आठवडाभर मी नुसता त्या रस्त्यांवरून फिरलो. तेव्हा तू विचारलं असतंस तर मीही म्हणालो असतो, राम नाही.

मग ट्रामवाला आला. तू त्याला ओळखत नाहीस. निवृत्त ट्रामचालक आहे, कुठल्या तरी लांबच्या गावात एकटा राहतो. खेळता खेळता वाट चुकून माझ्या शहरात शिरला. त्याने लिहिलं, 'तुमच्या नदीवर पूल असता तर पलीकडे रूळ टाकता आले असते.' मी लिहिलं, 'किती वजन येईल?' खेळात वजन नसतं, धाकट्या. ठोकळा हवेतही तरंगतो. पण त्याने ट्रामचं वजन सांगितलं आणि मी ते वजन पेलेल असा पूल बांधला. तीन महिने लागले. तू ज्यावर संथ गाणं लावलंस तो हा पूल.

खेळात ध्येय असतं का, ते मला माहीत नाही. कुणीतरी येऊन काहीतरी मागावं लागतं, एवढं कळलं. आता तू आला आहेस.


१० मार्च

धाकट्या,

आज तू जाहीर केलंस. सव्वीस एप्रिल, रविवार, दुपारी चार. 'जगातल्या सर्वांत निरर्थक शहराचा शेवट.' तू लाइव्ह येणार, माझ्या शहरात शिरणार, सुरुंग लावणार आणि लोकांच्या साक्षीने सगळं उडवणार. लोकांनी मतं दिली म्हणे. सत्तर टक्के 'उडवा' म्हणाले.

ट्रामवाल्याने घाबरून लिहिलं, 'तुमचा भाऊ आत येऊ कसा शकतो?' मी सांगितलं की सर्व्हर त्यानेच बनवला होता, मालकाची किल्ली त्याच्याकडेही आहे. 'मग ती काढून घ्या की!'

दोन मिनिटांचं काम आहे. मी काढून घेणार नाही. उलट तुला निरोप टाकलाय, पाहिला असशील: 'ये. हरकत नाही. दादा.' त्यावरही तू एक व्हिडिओ केलास. 'दादांनी शरणागती पत्करली.' हात दाखवून अवलक्षण करून घेणं तुला लहानपणापासून आवडतं.

सगळ्या शहराची नक्कल मी काढून वेगळी ठेवली आहे. तू सगळं उडवलंस तरी सोमवारी सकाळी मी ते परत उभं करीन. त्यामुळे सुरुंगाची मला भीती नाही. मला तू आत यायला हवा आहेस. लाखभर लोकांना बरोबर घेऊन.

तुझी एक सवय मला माहीत आहे. कुठल्याही शहरात शिरलास की आधी सर्वांत उंच जागी जातोस. तिथून कॅमेरा गोल फिरवतोस. प्रत्येक व्हिडिओत. म्हणून टेकडीवर, बाजाराच्या मागे, मी एक इमारत बांधायला घेतली आहे. शहरात तिच्याहून उंच काही नसेल. ट्रामवाल्याने विचारलं, 'काय आहे ही?' मी लिहिलं, 'जुनं काम. अपुरं राहिलं होतं.'

मजेची गोष्ट सांगू? चार वर्षांत पहिल्यांदा मला सकाळी लवकर जाग येते. वहिनी म्हणते, रंग सुधारलाय तुमचा. टेबल खुर्चीच्या हातांना अडत होतं, तर तिने परवा पायांखाली चार विटा सरकवून ते उंच केलं. तिला वाटतं मी तुला विसरलो.


२ एप्रिल

इमारत मापाने बांधतोय. आपली ती सहा मजली. पश्चिमेची भिंत, जिच्यावर आपण दोघं गिलावा करत होतो. खिडक्यांच्या जागा मोकळ्या, जिन्याची जागा बंद. वर जायला फक्त बाहेरची परांची. बांबू कुठे जोडलेले होते, कुठे दोर सैल होते, सगळं आठवतंय. माणसाला स्वतःचं लग्न एवढं आठवत नाही.

लिहून ठेवतो. एकदा तरी कागदावर असावं.

सकाळची साडेदहाची वेळ. मी तिसऱ्या मजल्याच्या फळीवर. तू खाली माल कालवून घमेली वर देत होतास. सुट्टीत चार दिवस हाताखाली ये, असं मीच म्हणालो होतो. मुकादम म्हणाला, डावीकडचा कोपरा घ्या. मी तुला वर बोलावलं आणि सांगितलं, "तिकडची फळी सरकव आणि दोन्ही टोकं बांध. मी आलोच." दोरी तुझ्या हातात दिली.

मी पाणी पिऊन आलो तेव्हा फळी सरकवलेली होती. एक टोक बांधलेलं होतं. तू दुसऱ्या टोकाशी पाठमोरा बसला होतास. मी विचारलं, "बांधलीस?"

तू म्हणालास, "हो दादा."

मान वर न करता. दोरी मांडीवर होती आणि मोबाइल हातात. तोच खेळ, धाकट्या. नवीन आला होता, तुला वेड लागलं होतं. मी ते पाहिलं आणि तरी तुझ्या 'हो'वर पाय ठेवला.

पडताना काही आठवत नाही. पडल्यावरचं आठवतं. तू बांबूंवरून घसरत खाली आलास आणि माझ्या डोक्याशी बसून एकच म्हणत होतास, "दादा, सांगू नको. दादा, सांगू नको." मला वाटलं होतं, 'दादा, मरू नको' म्हणशील.

मुकादम आला. मग साइटचे साहेब आले. हॉस्पिटलात पोलीस आले. तिघांनीही विचारलं, फळी कुणी बांधली? तिघांनाही मी म्हणालो, मी. माझीच चूक. साइटवाल्यांनी खुशीने हात झटकले, त्यांना तेच हवं होतं. तू वीस वर्षांचा होतास. पुढच्या वर्षी तू बाहेरगावी शिकायला जाणार होतास. मला वाटलं, दोघांची जिंदगी कशाला जाते, एकाचीच जाऊ दे.

वहिनीलाही तेच सांगितलं. चार वर्षं ती मला बोलते. रोज नाही, पण भांडण झालं की हमखास. "तुमच्या निष्काळजीपणापायी." धुलाईखान्यातून आल्यावर, हात वाफेने सोललेले, मला खुर्चीतून उचलताना. "एक गाठ मारायला काय झालं होतं?" मी ऐकून घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, ते मला विचार.

हे सगळं मी तुला देऊन टाकलं होतं. परत कधी मागितलं नसतं. पण तू माझ्या टाकीवर संथ गाणं लावलंस.


२४ एप्रिल

तयार आहे.

परांचीच्या प्रत्येक मजल्यावर एक पाटी. तू पाट्या मोठ्याने वाचतोस, हीही तुझी सवय. तिसऱ्या मजल्यावर डावीकडे फळी. तिच्या टोकाशी चोरदार. तिथपर्यंत पोचलास की ते उघडेल.

आज दुपारी वहिनीने पडद्याकडे बघून विचारलं, "ही ती इमारत ना?"

मी हो म्हणालो.

"कशाला बांधलीत?"

"रविवारी कळेल. तू असशील ना घरी?"

"असेन," ती म्हणाली.


२७ एप्रिल

काल चार वाजता तू आलास.

एक लाख बारा हजार माणसं होती. कोपऱ्यात आकडा दिसत होता. मी आणि वहिनी टेबलाशी. ट्रामवाला शहरात, त्याच्या ट्रामच्या थांब्यावर, मी सांगितल्याप्रमाणे गप्प.

तू वेशीतून शिरलास. बाजारात शिरून दोन-चार विनोद केलेस. "बघा, दुकानं आहेत, माल नाही!" मग कॅमेरा वर केलास आणि टेकडीवर इमारत दिसली. "अरे! ही नवीन आहे. चला, आधी माथ्यावर."

तू ओळखली नाहीस. मला याचंच आश्चर्य वाटलं. जवळ जाईपर्यंत, पहिल्या पाटीपर्यंत, ओळखली नाहीस.

पहिली पाटी तू हसत वाचलीस. "'सकाळ, साडेदहा. गिलाव्याचं काम.' वा, दादांनी गोष्ट घातलीय शेवटी! तक्रार पोचली म्हणायची."

दुसरी. "'फळी सरकव आणि दोन्ही टोकं…'" इथे थांबलास. खाली लोक लिहीत होते, वाच ना, आवाज गेला का? तू वाचलंस, "'…दोन्ही टोकं बांध. मी आलोच.'" आवाज साधा झाला होता. मला वाटलं तू आता बंद करून निघून जाशील. गेला असतास तर काय केलं असतं, याचा मी विचारच केला नव्हता. पण एक लाख माणसं पाठीशी असली की परत फिरता येत नाही, हे तुझ्या धंद्याचं दुखणं. तू वर चढलास.

तिसरी पाटी तू मोठ्याने वाचली नाहीस. गरज नव्हती, सगळ्यांना दिसत होती. 'मी विचारलं, बांधलीस? धाकटा म्हणाला, हो दादा. दोरी मांडीवर होती. हातात हाच खेळ होता.'

चाळीस सेकंद तू एक शब्द बोलला नाहीस. मी मोजले. मग फळीवर पाऊल टाकलंस. का टाकलंस, कळलं नाही. बाजूने जाता आलं असतं. टोकापर्यंत चालत गेलास आणि पडलास.

खाली खोली केली होती. एक खाट, एक खिडकी, एक पाटी. 'दादाने तिघांना सांगितलं, फळी मीच बांधली होती.'

माझ्या छातीत असं काही गरम झालं, धाकट्या, की चार वर्षांत पहिल्यांदा पाय असल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू? सुख झालं.

आणि मग तू हसलास. खोकल्यासारखं हसलास आणि म्हणालास, "तर मंडळी, कसं वाटलं? सगळी स्क्रिप्ट आहे हां! मी आणि दादांनी मिळून लिहिली. खेळात गोष्ट नाही म्हणालो होतो ना? घातली!" आणि बंद केलंस. सुरुंग लावलेच नाहीस.

मी पडद्यावर मूठ मारली. पडद्याला काही झालं नाही, बोटं सुजली. मग वळून पाहिलं तर वहिनी खुर्चीवर नव्हती. आतल्या खोलीत पिशवी भरत होती.

"हे खरं आहे?" तिने विचारलं.

"खरं आहे."

"तो म्हणाला स्क्रिप्ट."

"तो खोटं बोलला."

"आणि तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही चार वर्षं काय बोललात? मी तुम्हाला काय काय बोलले. तुम्ही ऐकून घेत बसलात. मोठे देवमाणूस! मला कैदाशीण करून ठेवलंत आणि स्वतः आत बसून मोठे होत राहिलात. आणि सांगितलंत कधी, तर एक लाख लोकांना आधी."

 ती तिच्या बहिणीकडे गेली. जाताना शेजारणीला किल्ली देऊन गेली, मला उठवायला-बसवायला.


११ मे

धाकट्या,

तुझा तो व्हिडिओ आजवरचा सर्वांत जास्त पाहिलेला ठरला. अभिनंदन. लोक म्हणतात, काय अभिनय, शांतता कशी खरी वाटली. कुणी लिहिलंय, 'चाळीस तासांनंतरही या खेळात दम आहे हे सिद्ध झालं.'

आणि ते सगळे आता माझ्या शहरात येताहेत. तू पत्ता दाखवलास ना. रोज शेकडो. पूल कुणी बघत नाही. सगळे टेकडीवर जातात, परांची चढतात, फळीवरून चालतात आणि पडतात. खाली गेले की हसतात, परत रांगेत उभे राहतात. कुणी उलटं पडतं, कुणी नाचत पडतं. चौघं हात धरून पडले. मी दिवसभर खुर्चीत बसून मला पडताना बघतो.

पहिले दोन दिवस मी स्वतःला सांगितलं, पडू देत, पाट्या तर वाचतील. कुणी वाचत नाही.

ट्रामवाला म्हणाला, 'तुम्ही मालक आहात, एक हुकूम लिहा आणि ती इमारत बंद करा.' खरं आहे. एक ओळ लिहिली की परांची कुणालाच चढता येणार नाही. ओळ लिहून ठेवली होती. फक्त बटण दाबायचं होतं.

तेवढ्यात तू आलास.

कॅमेरा नाही, लोक नाहीत, जाहिरात नाही. दुपारचे चार वाजले होते. परांचीच्या पायथ्याशी तू उभा राहिलास आणि भिंत रचायला लागलास. वाट अडवायला. एकेक ठोकळा.

मी बटणावरून हात काढला.


३० मे

धाकट्या,

एकोणीस दिवस झाले. रोज चारला येतोस, सातला जातोस. भिंत रचतोस, लोक तोडतात. तू परत रचतोस. कधी गुडघ्यापर्यंत येते, कधी एक थरही टिकत नाही. मालकाची किल्ली तुझ्याजवळही आहे, पण हुकूम कसा लिहायचा ते तू कधी शिकला नाहीस. त्या वेळी ते काम माझ्यावर टाकायचास. आणि मला विचारायचं तुझं तोंड नाही.

भिंत वाईट रचतोस. उभा सांधा उभ्या सांध्यावर येतो. एका थराची फट वरच्या थराच्या विटेने झाकायची असते, नाहीतर भिंत म्हणजे नुसती शेजारी शेजारी उभी केलेली रास. खेळात ती पडत नाही, म्हणून तुला कळत नाही. मला बघवत नाही. तरी बघतो.

मंगळवारी कुणीतरी तुला विचारलं. मी शहराच्या गप्पांच्या खिडकीत वाचलं. तू लिहिलंस, 'कृपया वर जाऊ नका. इथून एक माणूस खरंच पडला होता.'

'कोण?'

'माझा दादा.'

'स्क्रिप्ट होती ना?'

'नाही.'

'मग कोणामुळे पडला?'

 ती माणसं कंटाळून तुझी भिंत तोडायला लागली. मग तुझी अक्षरं उमटली. 'माझ्यामुळे.'

त्यांनी हसणारी तोंडं पाठवली. त्यांना वाटलं, स्क्रिप्टचा दुसरा भाग.

मी तेव्हा मऊ झालो, असं समजू नकोस. चार-पाच अनोळखी टोपणनावांसमोर खरं बोललास. लाखभरांसमोर खोटं बोलला होतास, ते खोटं अजून तिथेच आहे, अजून वाढतंय. हिशोब कुठल्याच बाजूने जुळत नाही.

वहिनी नवव्या दिवशी परत आली. बोलत नव्हती. आज तिने माझ्या खांद्यावरून पडदा पाहिला. "हा कोण?"

"तुझा दीर."

ती स्टूल घेऊन बसली. अर्धा तास. तू सहा ठोकळे लावलेस, लोकांनी आठ काढले.

"हे तुम्हाला थांबवता येतं?" तिने विचारलं.

"एका बटणाने."

"आणि त्याला माहीत नाही."

"नाही."

"किती दिवस चालणार?"

"तो थकेपर्यंत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता परत पिशवी भरते. पण तिने टेबलाचा खण उघडला आणि ही पत्रं काढली. खिडकीशी उभी राहून सगळी वाचली. मी थांबवलं नाही. वाचून झाल्यावर एकावर एक नीट रचली आणि म्हणाली, "मला चार वर्षं अंधारात ठेवलंत. त्याला एक दिवसही ठेवायचं नाही. आणखी काय लिहायचंय ते आज लिहा. उद्या सकाळीच मी पेटीत टाकते."

"त्याला कळलं तर तो यायचा थांबेल."

"थांबेल किंवा नाही थांबणार," ती म्हणाली. "ते त्याला ठरवू दे की. तुम्ही किती जणांचं ठरवणार?"

तर लिहितो. एवढंच राहिलंय.

तुझ्या भिंतीची गरज नाही. कधीच नव्हती. एकोणीस दिवस तू जे राबलास ते मी एका ओळीत करू शकत होतो. ओळ लिहिलेली आहे, रोज समोर असते. तू रचत होतास, लोक तोडत होते, आणि मी चहा पीत बघत होतो. कधी कधी मोठ्याने हसलोही. हा माझा सूड होता. सव्वीस एप्रिलचा नव्हे. तो तू माझ्याकडून हिसकावून घेतलास. हा खरा.

तो अजून संपलेला नाही. बटण मी आजही दाबलेलं नाही, आणि तुझं हे वाचून होईपर्यंत दाबणार नाही.

टपाल बुधवारपर्यंत पोचतं. बुधवारी सकाळी तुला सगळं कळलेलं असेल. की राबण्यात काही अर्थ नाही. की मी बघतोय. की मला दया आलेली नाही.

गुरुवारी चार वाजता मी खुर्ची टेबलाशी लावून बसेन. शेजारी स्टूलवर तुझी वहिनी असेल. तिने रजा टाकली आहे. आलास, तर पहिला थर डावीकडून धर आणि दुसरा अर्ध्या विटेने सुरू कर.

दादा